छोट्या डब्यात मोठं कार्ड

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड जेमतेम १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. तैवानच्या व्हीआयए कंपनीनं २००१ मध्ये तो आणला, तेव्हा डोळ्यांसमोर होते कमी वीज खाणारे, गपगुमान चालणारे संगणक. आज हौशी मंडळी त्याच चौकोनावर गेमिंगचं भलंमोठं ग्राफिक्स कार्ड चढवतात. त्यासाठी स्लॉट मिळतो एकच.

कार्ड घेण्याआधी लांबी सगळेच मोजतात, जाडी विसरतात. जाडीही स्लॉटमध्येच मोजतात: एका स्लॉटची जागा २०.३२ मिलिमीटर. ‘अडीच स्लॉट’चं कार्ड दोन स्लॉटच्या कॅबिनेटमध्ये जात नाही, रेटून बसवलंच, तर पंख्याला हवा ओढायला फट उरत नाही.

बसवताना आधी वायर भिंतीवरच्या सॉकेटमधून काढा. संगणक बंद दिसला, तरी पॉवर सप्लाय मदरबोर्डला ५ व्होल्ट पुरवतच असतो. मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे साठलेली वीज निघून जाते. त्यानंतर कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. आपल्या बोटाला स्थिर विजेचा चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टला. नाजूक चिपला मात्र शंभरही पुरे होतात. म्हणजे चिप गेल्याचा पत्ताही लागत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात हे भय कमी, नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात जास्त.

खरा धोका पुढे आहे. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून भूक मोठी असेल तर वेगळी केबल लागते. आठ पिनांच्या जुन्या जोडणीची मर्यादा १५० वॅट. नव्या बारीक जोडणीची तब्बल ६००. बारा व्होल्टला ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटले तरी प्रत्येकीवर आठाहून जास्त. एखादी पिन नीट टेकली नाही, की तिचा भार बाकीच्यांवर पडतो, आणि उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट, तर ताप चौपट. २०२२ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डांच्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या. अर्धवट बसलेला प्लग हे एक मोठं कारण कंपनीनं सांगितलं. पुढच्याच वर्षी आलेल्या सुधारित जोडणीत प्लग बसल्याची खूण देणाऱ्या जाणीव-पिना आखूड केल्या: प्लग पुरता आत गेल्याशिवाय कार्डाला पूर्ण वीज मागताच येऊ नये म्हणून.

छोट्या कॅबिनेटमध्ये नेमकं इथेच घोडं अडतं. बाजूचं झाकण लावताना ते केबलला दाबतं, केबल प्लगच्या तोंडाशीच वाकते आणि एका कडेच्या पिना सैल होतात. झाकणाला जोर लावावा लागत असेल, तर ते कार्ड त्या डब्यासाठी नाही. रोजचं काम, सिनेमा आणि हलके खेळ एवढंच करायचं असेल, तर स्लॉटच्या ७५ वॅटवरच भागणारं कमी उंचीचं कार्ड घ्या. त्याला वेगळी केबलच लागत नाही.