आवेष्टनावरील दोन अंक : प्रवेश-संरक्षण चाचण्यांचा अन्वयार्थ

विद्युत् उपकरणाच्या आवेष्टनावर ‘आयपी ६५’ किंवा ‘आयपी ६७’ अशी खूण दिसली की, ते उपकरण धूळ व पाणी यांपासून सर्वथा सुरक्षित आहे असा समज करून घेण्याकडे आपला कल असतो. वस्तुतः हे अंक विशिष्ट परिस्थितीत घेतलेल्या विशिष्ट चाचणीचा निष्कर्ष तेवढा सांगतात. या चाचण्या आयईसी ६०५२९ ह्या आंतरराष्ट्रीय मानकात निश्चित केलेल्या असून भारतीय मानक म्हणूनही त्यांचा स्वीकार झालेला आहे. त्यांचा अर्थ कसा लावावा, याचे थोडक्यात विवेचन येथे करावयाचे आहे.

पहिला अंक घन पदार्थांच्या प्रवेशासंबंधी आहे. १ ते ४ या अंकांसाठी अनुक्रमे ५०, १२.५, २.५ व १ मिलिमीटर व्यासाच्या शोधकांनी परीक्षा घेतात. ५ व ६ या अंकांसाठी उपकरण टाल्कम भुकटीने भरलेल्या कोठीत ठेवतात. भुकटीचे प्रमाण कोठीच्या दर घनमीटरास २ किलोग्रॅम असते. यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. अंक ६ साठी आत धूळ मुळीच दिसता कामा नये. अंक ५ साठी मात्र काही धूळ आत गेली तरी चालते. तिने कार्यात अडथळा आणू नये वा सुरक्षितता बिघडवू नये, एवढीच अट असते. अंक ६ च्या चाचणीत आवेष्टनाच्या आत जास्तीत जास्त २ किलोपास्कल इतकी दाबाची न्यूनता निर्माण करतात.

दुसरा अंक पाण्याचा. ६ पर्यंतचे अंक चढत्या श्रेणीचे आहेत. म्हणजे वरच्या अंकात खालच्यांचा समावेश होतो. ७ पासून हा नियम तुटतो. अंक ६ साठी १२.५ मिलिमीटर व्यासाच्या तोटीतून मिनिटास १०० लिटर पाण्याचा झोत किमान ३ मिनिटे सोडतात. अंक ७ साठी उपकरण ३० मिनिटे पाण्यात बुडवून ठेवतात. लहान आवेष्टनाचा सर्वांत खालचा भाग १ मीटर खोलीवर असतो. एका चाचणीत गतिमान झोताचा आघात, तर दुसरीत स्थिर पाण्याचा दाब. यास्तव ‘६७’ ही खूण असलेले उपकरण झोतासमोर टिकेलच असे म्हणता येत नाही. दोन्ही हवे असल्यास ‘आयपी ६६/आयपी ६७’ अशी दुहेरी खूण पाहिली पाहिजे.

आता एका महत्त्वाच्या मर्यादेकडे वळू. जलचाचणीत पाणी व उपकरण यांच्या तापमानांतील अंतर ५ केल्विनहून अधिक असू नये असा संकेत आहे; पाणी त्याहून थंड असल्यास आवेष्टनाच्या आतील व बाहेरील दाब समान राखावा लागतो. प्रत्यक्षात काय घडते? उन्हात तापून आतील हवा ६० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचलेली आहे व अकस्मात आलेल्या सरीने ती २५ अंशांवर उतरली, असे समजू. आवेष्टन पूर्ण बंद असल्यास दाब ३३३ : २९८ या प्रमाणात घटेल, म्हणजे सुमारे १० किलोपास्कल इतकी न्यूनता निर्माण होईल. धूलिचाचणीतील २ किलोपास्कलांच्या ही पाचपट होय, आणि १ मीटर उंचीच्या जलस्तंभाच्या दाबाइतकी होय. गॅस्केटमध्ये सूक्ष्म फट असेल तर तिच्या कडेला साचलेले पाणी आत शोषले जाते. चाचणीने हा प्रसंग जाणूनबुजून वगळलेला आहे. म्हणूनच चाचणी उत्तीर्ण झालेल्या पेटीतही पहिल्या पावसानंतर पाणी आढळू शकते.

याशिवाय आत होणारे बाष्पाचे संघनन, गंज, सूर्यप्रकाशाने गॅस्केटचे होणारे काठिण्य, कीटकांचा उपद्रव व स्फोटक वायूंचे वातावरण या गोष्टी त्या दोन अंकांच्या कक्षेबाहेरच राहतात. चाचणी नव्या नमुन्यावर, गोड्या पाण्याने होते, हेही विसरता कामा नये. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत दहा वर्षे उभ्या राहिलेल्या पेटीविषयी ती काहीच सांगत नाही.

तात्पर्य, चाचणी-अहवाल वाचताना तीन प्रश्न विचारावेत : कोणता नमुना तपासला, केबलीच्या ग्रंथी बसवून तपासला काय, आणि ‘उत्तीर्ण’ याचा निकष कोणता होता? पेटी उघडणाऱ्या तारतंत्र्याचा हात ओल्या भागाला लागण्याचा संभव असतो. त्याची सुरक्षितता या उत्तरांवर अवलंबून आहे. अभियंत्याने दोन अंकांवर न विसंबता त्यांमागील प्रयोग समजून घेणे, हेच त्याचे कर्तव्य होय.