बांधकामाचा गोंगाट आणि कष्टकऱ्यांचे कान

घरचा कर्ता माणूस हाकेला ओ देत नाही. टीव्हीचा आवाज वाढवतो, मुलगी काही सांगू लागली की "काय? काय?" म्हणून खेकसतो. घरची माणसे म्हणतात, स्वभाव चिडका झाला. वय तर जेमतेम चाळीस! आम्हाला विचाराल तर स्वभावाला दोष देण्याआधी तो दिवसभर कोणत्या मशीनवर काम करतो, हे पाहावे.

आपल्या वस्त्यांतून रोज सकाळी कितीतरी माणसे नाक्यावर उभी राहतात. कोणी ब्रेकरने काँक्रीट फोडतो, कोणी कटरने लाद्या कापतो, कोणी स्लॅबवर व्हायब्रेटर धरतो. पडून पाय मोडला तर सर्वांना दिसतो. कान मात्र न दुखता, रक्त न येता जातो. म्हणूनच त्याची दाद लागत नाही.

कान जातो कसा?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे सुमारे 60 डेसिबल असते. ब्रेकर चालवणाऱ्याच्या कानाशी आकडा 100 च्या आसपास जातो. ही साधी बेरीज नव्हे. दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. 85 डेसिबलमध्ये 8 तास काम चालेल असे धरले, तर 88 मध्ये 4 तास, 91 मध्ये 2 तास आणि 100 मध्ये अवघी 15 मिनिटे! ब्रेकरवाला ही मर्यादा सकाळच्या चहाआधीच ओलांडतो.

आतल्या कानात शंखासारख्या पोकळीत केसांसारख्या बारीक पेशी असतात. आवाजाच्या माऱ्याने त्या मरतात आणि पुन्हा येत नाहीत. आधी उंच स्वर जातात. स, श, फ, थ ही अक्षरे विरतात. बोलणे ऐकू येते पण उमगत नाही. "सात" की "हात" हे कळत नाही. बायका-मुलांचा बारीक आवाज आधी हरवतो. कानातली गुणगुण रात्री झोपू देत नाही. श्रवणयंत्राने मदत होते, पण मूळचा कान परत मिळत नाही.

उपाय काय?

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज घातक आहे असे समजावे.

पहिला इलाज मशीनवर करावा. सैल पत्रे, झिजलेले बेअरिंग, फुटका सायलेन्सर दुरुस्त करून घ्यावा. जनरेटर दूर ठेवावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. ब्रेकरवर एकालाच दिवसभर न ठेवता आळीपाळीने माणसे लावावीत. साइटवर राहणाऱ्या मुलांना तिथे फिरकू देऊ नये.

त्यानंतर कानातील बोळे, म्हणजे इअरप्लग. साधा कापूस आवाज फारसा अडवत नाही. फोमचा प्लग स्वच्छ हातांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढावा, प्लग आत सारून फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. काम चालू असताना तो मध्येच काढला तर फायदा बुडाला. प्लग घातल्यावर ट्रकचा भोंगा कमी ऐकू येतो, म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवून घ्याव्यात.

हक्क कोणता?

1998 च्या केंद्रीय नियमांनी बांधकामावरील आवाजाला मर्यादा घालून जबाबदारी मालकावर टाकली. त्यामागचा 1996 चा बांधकाम कामगार कायदा आता 2020 च्या संहितेत सामावला आहे. कामाची जागा व्यवसायजन्य रोगाच्या धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य, असे तीही सांगते. आवाजाने येणारे बहिरेपण नुकसानभरपाईच्या परिशिष्टात 1923 च्या कायद्यात होते आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पण हक्क सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून वर्षातून एकदा सरकारी रुग्णालयात कानाची तपासणी करून घ्यावी आणि तिचा अहवाल जपून ठेवावा.

एकट्याने इअरप्लग मागितला तर मुकादम उद्या दुसरा माणूस घेईल, ही भीती खोटी नाही. म्हणून मागणी चौघांनी मिळून करावी. भगिनींनो, संध्याकाळी मजुरी किती मिळाली हे विचारता, तसेच आज कान झाकले होते का, हेही विचारा.