विमान गेलं, आता गाऊ या!

मुलांनो, आमच्या सांताक्रूझच्या शाळेतल्या एका मुलीनं गावच्या आजीसाठी मोबाइलवर गाणं टिपलं. ऐन कडव्यात विमान आलं; आजीला नुसती घरघर!

मग आम्ही पुन्हा बसलो. पंखा बंद. मोकळ्या भिंतींवरून आवाज घुमतो, म्हणून भोवती गोधड्या टांगल्या. गिटारच्या भोकासमोर आवाज फार घुमतो. म्हणून मोबाइल दांडीवरच्या १२व्या पडद्यासमोर, दीड वीत दूर ठेवला. ॲपमध्ये आधी नुसती गिटार भरली, मग ती इअरफोनवर ऐकत तिनं गाणं भरलं. दोन्ही जुळवताना गिटार जरा हळू केली, शब्द कळावेत म्हणून.

सांताक्रूझलाच राहणाऱ्या राहुलदेव बर्मन यांनी १९७३च्या 'यादों की बारात'मधल्या एका गाण्याच्या सुरुवातीला काचेच्या ग्लासचा किणकिणाट वापरला होता. घरातल्या आवाजांना असा कान द्यायला शिका!

आजीचा निरोप आला, "पोरी, या वेळी तुझा श्वाससुद्धा ऐकू आला!"