पडदा सपाट की वक्र?

दोस्तांनो, घरात नवा मॉनिटर घ्यायचं ठरलं की दुकानात तुमची नजर पहिल्यांदा कुठे जाते? वक्र पडद्याकडेच ना! दिसतोच तो ऐटदार. पण आई-बाबांनी खर्चाचा आकडा आधीच ठरवलेला असतो. तेवढ्याच पैशांत सपाट आणि वक्र, दोन्ही मिळत असतील तर चित्र कुठलं चांगलं? हट्ट धरण्याआधी जरा तपासून पाहू या.

गंमत म्हणजे आई-बाबांच्या लहानपणचे पडदेही वक्रच होते, पण उलटे! पिक्चर ट्यूबमधली हवा काढून टाकलेली असे. बाहेरच्या हवेचा दाब सोसायला काचेला फुगीर आकार सोयीचा पडे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सपाट तोंडाच्या ट्यूब आल्या, तेव्हा 'सपाट' हीच चैन होती. आजचा वक्र पडदा मात्र आत वळतो.

खडू आणि दोरी

खोक्यावर '१५०० आर' असं लिहिलेलं असतं. म्हणजे काय? चला, करून पाहा. १५० सेंटिमीटर लांब दोरी घ्या. एक टोक मित्राने जमिनीवर दाबून धरायचं, दुसऱ्या टोकाला खडू बांधून तुम्ही कंस काढायचा. त्यातला ५३ सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे २४ इंची पडद्याची रुंदी. तुकड्याची टोकं सरळ रेषेने जोडा आणि मधलं अंतर मोजा. फक्त सव्वादोन-अडीच सेंटिमीटर! एवढासाच तो बाक.

त्याचा उपयोग होतो का? होतो. ६० सेंटिमीटरवर बसलात तर सपाट पडद्याच्या कडेकडे तुम्ही सुमारे २४ अंशांनी तिरकं पाहता. या वक्र पडद्यावर ते १४ अंशांवर येतं. पण हे मधोमध बसणाऱ्यालाच बरं का! शेजारी बसलेल्या ताईला त्याचा फायदा नाही. आणि भूमितीची सरळ रेष किंचित वाकलेली भासू शकते, ते वेगळंच.

खरी गोष्ट आतली

चित्राचा दर्जा ठरतो तो आतल्या पॅनेलवर. स्वस्त वक्र मॉनिटरमध्ये बहुतेकदा 'व्हीए' पॅनेल असतं, तर स्वस्त सपाट मॉनिटरमध्ये बरेचदा 'आयपीएस'. व्हीएचा काळा रंग छान गडद. त्याच्या सर्वांत उजळ आणि सर्वांत काळ्या रंगातला फरक साधारण ३००० पट, तर आयपीएसचा साधारण १००० पट. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत आयपीएसचा काळा राखाडी वाटतो. पण व्हीएकडे तिरकं पाहिलं की रंग फिके पडतात. वक्र आकार ही उणीव थोडी झाकतो. शिवाय स्वस्त व्हीएवर अंधारातलं चित्र भराभर हललं की मागे शेपटीसारखा डाग उमटतो. आयपीएसवर बाजूने पाहिलं तरी रंग बरेचसे तसेच राहतात.

दुकानात काय बघाल?

पूर्ण काळं चित्र लावायला सांगा आणि कोपरे पाहा. मग एखादा चेहरा लावून डावी-उजवीकडे सरका. काळ्यावरची करडी अक्षरं वर-खाली सरकवा. आणि हो, आकाराला भुलू नका! १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके, २४ इंचांत काय नि २७ इंचांत काय, तेवढेच. मोठ्या पडद्यावर तेच ठिपके मोठे होतात आणि अक्षरं जाडीभरडी दिसतात.

तेव्हा अभ्यास, चित्रकला आणि सगळ्यांनी मिळून सिनेमा पाहणं असेल तर सपाट आयपीएस घ्या. एकट्यानेच समोर बसून अंधाऱ्या गुहांचे खेळ खेळायचे असतील तर वक्र व्हीए चालेल. वक्रतेची खरी मजा ३४ इंची लांबरुंद पडद्यावर, पण त्याची किंमत वेगळी!

आता सांगा, तुमच्या घरी त्या मॉनिटरसमोर एका वेळी किती जण बसतात? उत्तर तिथेच आहे.