टायर, डोंगरी सायकलीचे

डोंगरउतार, खडकाळ पायवाटा व कच्चे वनमार्ग यांवर चालविण्याच्या सायकलींकरिता बनविलेले रुंद व ठोकळेदार पृष्ठाचे हवाभरीत टायर. ‘डाउनहिल’ या शर्यतप्रकारात सायकलस्वार केवळ उतारावरून कमीत कमी वेळात खाली येतो. ‘एन्ड्युरो’ प्रकारात वेळ उतारांच्या टप्प्यांचीच मोजतात. पण मधले चढ बहुधा स्वतःच्या बळावर चढावे लागतात. त्यामुळे पहिल्यात टायरचे वजन गौण ठरते, तर दुसऱ्यात मजबुती व हलकेपणा यांची सांगड घालावी लागते.

हवाभरीत टायरचे एकस्व (पेटंट) रॉबर्ट टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले. सायकलीसाठी त्याचा व्यवहार्य उपयोग जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे केला. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, फुगीर टायरांच्या सायकलींवरून डोंगरउताराच्या शर्यती लावू लागले व त्यांतून डोंगरी सायकल आकारास आली. उतारशर्यतीचा समावेश असलेली पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये डुरँगो (कोलोरॅडो) येथे झाली. एन्ड्युरोची जागतिक मालिका २०१३ मध्ये सुरू झाली.

टायरचे मुख्य भाग तीन : रिमवर बसणारे तारयुक्त काठ, कापडी सांगाडा आणि रबरी पृष्ठ. गिऱ्हाईक सामान्यतः पृष्ठावरील नक्षी पाहून टायर निवडते. खडकाळ व काटेरी मुलखात मात्र सांगाडा आधी पाहिला पाहिजे. डाउनहिलच्या टायरात कापडाचा दुहेरी पट असतो व एका टायरचे वजन सु. १·२ ते १·४ किग्रॅ. भरते, एन्ड्युरोचा टायर बहुधा १ ते १·२ किग्रॅ.चा असतो. रुंदी दोहोंत साधारणतः २·३ ते २·५ इंच असते. मऊ रबर जमीन घट्ट धरते, पण लवकर झिजते व चढावर जड जाते. पुढचे चाक घसरल्यास स्वार बहुधा पडतो, मागचे घसरल्यास तो सावरू शकतो. म्हणून पुढे मऊ रबराचा व उंच ठोकळ्यांचा, तर मागे कठीण रबराचा व अधिक मजबूत सांगाड्याचा टायर घालतात.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील भूमी या निवडीचा कस पाहणारी आहे. पूर्वेकडे ग्रॅनाइट व पट्टिताश्म यांचे उघडे खडक आणि मुरमाड बरड जमीन आढळते. पश्चिमेस वरोऱ्याकडे काळी चिकण जमीन आहे. टिपागड, सुरजागड, भामरागड व चिमूर येथील डोंगरांत आल्प्ससारखे अखंड लांब उतार नाहीत. चढउतार सतत बदलत असल्याने येथे एन्ड्युरोचाच टायर अधिक उपयुक्त होय. उन्हाळ्यात सागाची मोठी, वाळलेली पाने वाटेवरचे दगड झाकून टाकतात व मुरमावर चाक घसरते. अशा वेळी दोन्ही कडांना उंच, सुटे ठोकळे असलेला टायर चांगला. पावसाळ्यात चिकण माती चाक व सांगाडी यांच्यामध्ये साचून चाकच अडते. विरळ ठोकळ्यांचा, किंचित अरुंद टायर तेथे थोडाफार चालतो. पण अशा वाटा त्या दिवसांत टाळणेच इष्ट.

खरा शत्रू काटा व बांबू हा आहे. बाभूळ, बोर व खैर यांचे काटे ट्यूब सहज भेदतात. ट्यूबविरहित टायरात घातलेला गळतीरोधक द्राव काट्याएवढे छिद्र आपोआप बुजवितो. तिरकस तोडलेल्या बांबूचा खुंट मात्र टायरची बाजू चिरतो व ती चीर द्रावाने भरत नाही. जाड बाजूंचा सांगाडा हाच त्यावर उपाय. सोबत एक जादा ट्यूब व आतून लावण्यास जाड ठिगळ असावे. दुरुस्तीचे दुकान दूर राहिलेल्या जंगलात, विशेषतः वाघांचा वावर असलेल्या भागात, फाटक्या टायरची सायकल सायंकाळी ढकलत नेणे जिवावर बेतू शकते. अभयारण्यांत तर परवानगीवाचून प्रवेशच नसतो.

आकाराबाबत एक फसगत नेहमीची आहे. बाजारात ‘२८ × १½’ म्हणून मिळणाऱ्या नेहमीच्या काळ्या सायकलीच्या रिमचा काठ-व्यास ६३५ मिमी. असतो, तर ‘२९’ इंची डोंगरी सायकलीचा ६२२ मिमी.; म्हणजे नावाने लहान असलेले चाक रिमच्या मापाने मोठे! तसेच ‘२६ × १⅜’ चा व्यास ५९० मिमी. व डोंगरी ‘२६’ चा ५५९ मिमी. आहे. दोन्ही टायर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. म्हणून टायरच्या बाजूवर छापलेला मिलिमीटरचा आकडा पाहूनच खरेदी करावी.

हवेचा दाब ट्यूबविरहित टायरात दर चौ. इंचास सु. २० ते ३० पौंड ठेवतात. दाब फार कमी असल्यास दगडावर आपटून रिम वाकते. फार जास्त असल्यास चाक उसळते व पकड जाते. मागच्या चाकावर भार अधिक पडतो, म्हणून त्यात दोन-तीन पौंड जादा हवा भरतात. चंद्रपूरचा उन्हाळा येथे विचारात घ्यावा लागतो : सकाळी २५° से. ला २५ पौंड दाबाने भरलेल्या टायरातील दाब ४५° से. ला सु. अडीच ते तीन पौंडांनी वाढतो. त्याच उष्णतेने गळतीरोधक द्रावही लवकर सुकतो. तेव्हा उन्हाळ्यात तो महिन्या-दीड महिन्याने तपासून कमी झाल्यास पुन्हा भरावा लागतो. [⟶ सायकल, रबर].