उन्हाळ्यात रेड वाइन? हो, आणि तीही थंड!

"रेड वाइन रूम टेंपरेचरलाच प्यायची" हा नियम तुम्हीही ऐकला असेल. पण रूम कुठली? हा सल्ला युरोपातल्या जुन्या, गारेगार घरांमधला. मे महिन्यात पुण्यातल्या फ्लॅटमध्ये 32 अंश असतात. एवढ्या उबेत आधी अल्कोहोलच नाकात शिरतं, फळाचा वास मागे पडतो.

मग सगळ्याच रेड थंड करायच्या का? नाही. द्राक्षाच्या साली आणि बियांमधून टॅनिन येतं. कोरा चहा फार उकळला की जीभ कोरडी पडते ना, तेच ते. थंड केल्यावर टॅनिन आणखी तुरट लागतं. म्हणून ज्यात ते मुळात कमी आहे, तीच रेड गार करायची.

इटलीत अशा वाइन्स बऱ्याच आहेत. माझी लाडकी फ्रापातो, सिसिलीतल्या व्हित्तोरिया गावाच्या आसपासची. स्ट्रॉबेरीसारखा वास, अंगाने हलकी, तळलेल्या मासळीबरोबर मस्त जमते. हेच द्राक्ष नेरो दाव्होलाबरोबर मिसळून चेरास्वोलो दी व्हित्तोरिया बनते. इटलीतला सगळ्यात वरचा डीओसीजी दर्जा सिसिलीत या एकाच वाइनला आहे, 2005 पासून.

उत्तरेला, आल्प्सच्या कुशीत, स्कियावा. तिथले जर्मन बोलणारे लोक तिला फेरनाच म्हणतात. अल्कोहोल साधारण 12 टक्के, रंग फिका.

गार्डा सरोवराकाठची बार्दोलिनो तर गंमतच आहे. तिचं मुख्य द्राक्ष कोर्व्हिना. तेच द्राक्ष काही महिने वाळवून शेजारच्या भागात आमारोने करतात, तिचं अल्कोहोल 15-16 टक्क्यांपर्यंत जातं. द्राक्ष एकच, पण एक उन्हाळ्याची आणि दुसरी कडाक्याच्या थंडीची!

फसफसणारी हवी असेल तर मोदेनाकडची लाम्ब्रुस्को दी सोर्बारा. गोड नको असेल तर लेबलवर 'सेक्को' बघा.

एक सावधगिरी मात्र घ्या. फिका रंग म्हणजे हलकी वाइन, असं धरून चालू नका. बारोलो दिसायला फिकी, पण टॅनिन भरपूर. शिवाय महाग. उकाड्यात केवळ नावासाठी तिच्यावर पैसे घालवू नका, असं माझं स्पष्ट मत. आपल्या तिखट रश्श्याबरोबर तर नकोच. टॅनिन आणि जास्त अल्कोहोल, दोन्हींनी तिखट अजून झोंबतं.

आता थंड कशी करायची? बादलीत अर्धं पाणी, अर्धा बर्फ, त्यात बाटली 15-20 मिनिटं. नुसत्या बर्फात ठेवली तर जास्त वेळ लागतो, कारण पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं. साधारण 12 ते 14 अंश पुरे, लाम्ब्रुस्को थोडी आणखी गार चालेल. रात्रभर फ्रीजमध्ये राहिली असेल तर 20 मिनिटं आधी बाहेर काढा, नाहीतर वासच येणार नाही. आणि ग्लासात बर्फ? घरी कोण बघतंय म्हणा, पण चव पाणचट होते.