रुग्णशय्येपाशी धर्मसेवक

काशीच्या दशाश्वमेध घाटापासून गंगेच्या काठाने प्रवाहाच्या उलट दिशेस चालू लागले, म्हणजे पांडे घाट ओलांडल्यावर आणि नारद घाटाच्या अलीकडे राजा घाट लागतो. या घाटाचे नाते महाराष्ट्राशी आहे. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी १८०३ साली इंग्रजांशी तह केला व वर्षाला सात लाखांचा तनखा घेऊन ते राजकारणातून निवृत्त झाले. पुढे त्यांनी काशीवास पत्करला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हा घाट दगडी बांधून काढला आणि तेथे अन्नछत्र चालविले. त्यांचे निधन १८२४ साली झाले. परंतु घाट पुष्कळ दिवस अमृतरावांच्याच नावाने ओळखला जाई.

राजा घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहिले असता वरच्या अंगाला हरिश्चंद्र घाट व खालच्या अंगाला मणिकर्णिका, अशी दोन स्मशाने दोन्ही बाजूंना येतात. काशीला मनुष्य नुसता यात्रेसाठी जात नाही, तो अखेरचे दिवस काढण्यासाठीही जातो, याची आठवण येथे निराळी करून द्यावी लागत नाही. १९५८ साली सुरू झालेले काशी लाभ मुक्ती भवन याच भावनेतून उभे राहिले. मरणोन्मुख माणसाला त्याच्या नातलगांसह तेथे साधारण पंधरवडाभर राहू देण्याचा परिपाठ पडला आहे. भजन होते, पाठ होतो, मुखी गंगाजल व तुळशीपत्र पडते.

अशा खोलीत रोग्याच्या उशाशी जो धर्मसेवक बसतो, त्याला मंत्र पाठ असतात, विधी ठाऊक असतो. पण विधी आटोपल्यावर एखादी वृद्धा हळूच म्हणते, “धाकट्याशी दहा वर्षं बोलले नाही मी, आता तो येईल का हो?” या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही. येथे काय बोलावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय बोलू नये, हे त्या धर्मसेवकाला कोणी शिकविले? उपाध्याय असो, मौलवी असो, भिक्षू असो वा ख्रिस्ती पाळक असो, हा प्रश्न सर्वांपुढे सारखाच उभा असतो. त्याचे एक पद्धतशीर उत्तर शोधण्याचा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील ख्रिस्ती पाळकांच्या शिक्षणात झाला.

या प्रयत्नाचा प्रवर्तक अँटन बॉइसन हा स्वतः पाळक होता आणि स्वतः रोगीही होता. १९२० साली त्याच्या मनाचा तोल ढळला व त्याला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. ज्याचे जळते त्याला कळते, या न्यायाने त्याला रोग्याच्या बाजूने धर्मोपदेश कसा ऐकू येतो हे कळले. बरा झाल्यावर तो मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात धर्मसेवक म्हणून रुजू झाला आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्याने धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी तेथे आणले. विद्यार्थ्यांना दिवसभर परिचारकाचे काम करावे लागे. ग्रंथ जसा वाचावा तसाच जिवंत माणूस हाही एक ग्रंथ समजून वाचावा, असे बॉइसनचे म्हणणे होते. त्याच वर्षी बोस्टनचे नामांकित वैद्य रिचर्ड कॅबट यांनी अशी मागणी केली की, वैद्यकाच्या विद्यार्थ्याप्रमाणे धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही रुग्णालयातील शिक्षणाचे एक वर्ष असावे. मनोविकाराच्या कारणांविषयी या दोघांचे मतभेद पुढे विकोपाला गेले, परंतु शिक्षणाची कल्पना टिकली. आज अमेरिकेत या शिक्षणाचा एक टप्पा किमान चारशे तासांचा धरतात.

या शिक्षणाचे मुख्य साधन अगदी साधे आहे. विद्यार्थी रोग्याला भेटून आला की, झालेले संभाषण आठवेल तितके शब्दशः लिहून काढतो: रोगी काय म्हणाला, आपण काय म्हणालो, कोठे शांतता पडली. नंतर हे टिपण सोबती व मार्गदर्शक यांच्यापुढे वाचले जाते. समजा, रोगी म्हणाला, “मी आता घरी जाईनसे वाटत नाही,” आणि विद्यार्थी तत्परतेने उत्तरला, “असे बोलू नये, देवावर भरवसा ठेवा, सर्व ठीक होईल.” ऐकायला हे वाक्य निर्दोष आहे. पण मार्गदर्शक विचारतो, “या वाक्याने भीती कोणाची दूर झाली? रोग्याची की तुमची?” रोग्याने मोठ्या धैर्याने एक दार उघडले होते, ते आपण घाईघाईने लोटून घेतले, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. पुढच्या वेळी तो इतकेच म्हणतो, “तसे का वाटते?” आणि गप्प बसतो. मग रोगी बोलू लागतो.

या शिक्षणाचा पहिला लाभ हा, की धर्मसेवकाला ऐकणे येते. उपदेश करण्याची सवय ज्याच्या हाडीमाशी खिळली आहे त्याला ही विद्या सर्वांत अवघड जाते. दुसरा लाभ आत्मपरीक्षणाचा. स्वतःच्या घरातील मृत्यूचे दुःख ज्याने कधी नीट पाहिले नाही, तो दुसऱ्याच्या दुःखापासून नकळत पळतो. हे पळणे टिपणात उघडे पडते. तिसरा लाभ मर्यादेच्या जाणिवेचा. कोणते दुःख सोबतीने हलके होईल आणि कोणत्या रोग्याला तातडीने मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविले पाहिजे, याचे तारतम्य तो डॉक्टर व परिचारिका यांच्या सहवासात शिकतो. रुग्णालयात मिळविलेले हे ज्ञान पुढे मंडळीतही उपयोगी पडते. महाराष्ट्रातील खेड्यात पाळकाला बोलावणे येते ते अपघाताच्या वेळी, कर्जापायी कोणी जीव दिलेल्या घरी, नाहीतर मूल दगावलेल्या बाळंतिणीकडे. तेथे रविवारचे प्रवचन कामास येत नाही.

यावर कोणी म्हणेल, करुणा ही उपजत असावी लागते. ती काय शिकवून येणार? आक्षेप अगदीच खोटा नाही. पण गळा उपजत असला तरी कीर्तनकाराला गुरूच्या मागे टाळ धरून वर्षानुवर्षे उभे राहावेच लागते. करुणेला वळण लागले नाही तर ती रोग्याला भारही होऊ शकते. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. अंथरुणाला खिळलेला माणूस दुबळा असतो. त्याच्या दुबळेपणाचा फायदा घेऊन त्याच्यावर आपला धर्म लादला जाणार नाही कशावरून? या शिक्षणाचा कस येथेच लागतो. रोग्याने स्वतःच्या श्रद्धेच्या आधाराने, किंवा श्रद्धा नसेल तर तिच्यावाचून, आपल्या दुःखाला तोंड द्यावे आणि धर्मसेवकाने त्याला सोबत करावी, हा या विद्येचा दंडक आहे. तो मोडणारा माणूस या कामास अपात्र होय.

भारतात वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात धर्मसेवकांचा विभाग असून तेथे हे शिक्षण दिले जाते. इकडे वैद्यकानेही याच दिशेने पावले टाकली आहेत. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर शुश्रूषागृह उघडणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी असे प्रतिपादन केले की, मरणोन्मुख माणसाची वेदना देहाची, मनाची, संसाराची आणि आत्म्याची अशी एकत्रच असते. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती अवेदना सदन हे आपल्या देशातील अशा प्रकारचे पहिले शुश्रूषागृह. खुद्द वाराणसीत २०१९ पासून टाटा स्मारक केंद्राची कर्करोग रुग्णालये चालू आहेत. मुक्तीसाठी येणारे आणि उपचारासाठी येणारे, असे दोन्ही प्रकारचे रोगी आता त्या एकाच नगरीत आहेत, आणि आपले दुःख ऐकून घेणारे कोणीतरी हवे, ही दोघांचीही गरज आहे.

राजा घाटावर अन्नछत्र चालले तेव्हा नुसत्या दानबुद्धीवर ते चालले नसेल. धान्य मोजणारे, पाणी भरणारे, पंगत वाढणारे, अशी कामे नेमून देऊनच भुकेल्यापुढे पान मांडता येते. भुकेल्याला अन्न देण्यासाठी जी व्यवस्था समाजाने लावली, तशीच व्यवस्था एकाकी रोग्याला सोबत देण्यासाठी लावता येण्यासारखी आहे. त्यासाठी उपाध्यायाने आपली पोथी किंवा पाळकाने आपला पवित्र शास्त्राचा ग्रंथ बाजूला ठेवावा असे नाही. ग्रंथ उघडण्यापूर्वी रोग्याचे बोलणे संपू द्यावे, एवढेच त्याने शिकावयाचे आहे.